रेणुकाचं प्राक्तन

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आज दुपारी शेजारच्या सरजाबाई आल्या आणि माझी झोप घेऊन गेल्या.

त्यांच्या नात्यातला एक माणूस सोनपेठला आहे. नाव बजरंग. पिठाची गिरणी आहे. बायको वारून चार वर्षं झाली, पदरी वैष्णवी नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. "आपल्या रेणुकासाठी बघा," असं त्या सरळ म्हणाल्या, तेही मोठ्या आवाजात, कारण त्यांना हळू बोलता येत नाही.

रेणुका शिलाई मशीनवर बसली होती. मशीन काही थांबलं नाही, म्हणून मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. नंतर बघितलं तर सुईत दोराच नव्हता. ती तशीच रिकामी मशीन चालवत होती. दोरा तुटलेला तिला दिसला नसेल. नजर तपासून घ्यायला हवी.

मी सरजाबाईंना म्हणालो की ज्याचं त्याचं प्राक्तन असतं. तिच्या प्राक्तनात संसार असता तर आमचे जावई गेलेच नसते.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या प्राक्तनात दोन टाइमची आयती भाकर हाय, असं म्हणा की सरळ."

राग आला होता. पण त्या माझ्या मंडळीच्या, धुरपताच्या मैत्रीण. शिवाय येताना वांग्याची भाजी आणली होती. गप्प बसलो.

पिंगळीच्या रेल्वे फाटकावर मी गेटमन होतो. नोकरीभर गुमटीत बसून रजिस्टर लिहिलं. कोणती गाडी गेली, फाटक कधी बंद केलं, कधी उघडलं. निवृत्त झालो तेव्हा लिहायचं काही उरलं नाही आणि हात शिवशिवायला लागला. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण ओळ सरळ येते. तेव्हापासून काही घडलं की वहीत लिहितो. बहुतेक काही घडत नाही.

५ डिसेंबर

तीन दिवस डोक्यात तेच.

प्राक्तन हा शब्द मुळात आमच्या घरचा नाही. माझे वडील निजामाच्या काळातले, ते तकदीर म्हणायचे. धुरपता कपाळ म्हणायची. दूध नासलं तरी कपाळ, म्हैस आटली तरी कपाळ. स्टेशनवरची माणसं नशीब म्हणायची. प्राक्तन मला किशनराव गुरुजींनी दिलं, जावयाच्या तेराव्याला.

जावई महारुद्र जिंतूरकडचे. भल्या सकाळी शेतात मोटार चालू करायला गेले आणि स्टार्टरला चिकटले. वय बत्तीस. तेराव्याला मी रेणुकाजवळ बसलो होतो. ती मला काहीतरी सांगत होती, रडण्यात शब्द कळत नव्हते, आणि मला तर काय बोलावं तेच सुचत नव्हतं. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "प्राक्तन, रंगनाथराव. मागच्या जन्मी ठरलेलं." माझ्या छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं. मी तेच रेणुकाला सांगितलं. ती बोलायची थांबली.

नशीब म्हटलं की माणूस रडतो, प्राक्तन म्हटलं की गप होतो. एवढी ताकद असलेला शब्द माझ्याकडे आधी नव्हता. पुढे धुरपता गेली तेव्हाही मला त्याचाच आधार झाला.

आज रेणुका अस्तर आणि बटणं आणायला परभणीला गेली होती. उशीर झाला. मी दोन वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. गॅस बंद केलाय का ते बघायला परत आलो, पुन्हा गेलो. ती ऑटोतून उतरली तर अजून उजेड होता. "अण्णा, कुणाला शोधायलात?" म्हणाली. माझ्या बीपीच्या गोळ्या तिने न विसरता आणल्या होत्या. ती नसती तर गोळ्या कोणी आणल्या असत्या, असं मनात आलं. पण त्याचा या विषयाशी काही संबंध नाही.

९ डिसेंबर

संध्याकाळी मारुतीच्या देवळात गेलो. किशनराव गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिथे पोथी वाचतात. ऐकायला आम्ही चारजण, त्यातले दोघे डुलक्या घेतात. वाचन संपल्यावर मी विचारलं, प्राक्तन म्हणजे नेमकं काय? गुरुजींना फार बरं वाटलं. हल्ली त्यांना कुणी काही विचारत नाही.

ते म्हणाले, प्राक् म्हणजे आधीचं. कणगीत धान्य साठवलेलं असतं तसं आपल्या मागच्या सगळ्या जन्मांचं साठलेलं असतं, ते संचित. त्यातून या जन्मासाठी जेवढं दळायला काढलं ते प्रारब्ध, त्यालाच लोक प्राक्तन म्हणतात. दळायला काढलं ते खाल्ल्याशिवाय सुटका नाही. आणि तिसरं...

तेवढ्यात रेणुका बॅटरी घेऊन मला न्यायला आली. थंडी पडली होती, मी मफलर विसरलो होतो. तिसरं राहून गेलं. दोन पुरेसे आहेत.

वाटेत मी तिला सांगितलं की दळायला काढलेलं खावंच लागतं.

"मंग गिरणी तर लागणारच की अण्णा," ती म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सरजाबाई ऐकणाऱ्या नाहीत. आज तो बजरंग येऊन गेला. मोटारसायकलवर आला, पुढे टाकीवर मुलगी. उंच आहे, थोडा वाकून चालतो. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता, तरी कानावरच्या केसांत पीठ होतं.

मला मामा म्हणाला. बोलणं कमी. मग मीच विचारत सुटलो. घरावर पत्रे आहेत की स्लॅब. नळ किती दिवसांनी येतो. गिरणीचा पट्टा उघडा असतो, त्यात पदर अडकला तर?

"जाळी बसवलेली हाय मामा," तो म्हणाला.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून रेणुका बोलली. "आन् अर्थिंग?"

त्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "हाय. दर पावसाळ्याच्या आधी तपासून घेतो. मी सोता उभा राहून."

रेणुका आत गेली आणि चहा घेऊन आली. लग्नाच्या बोलण्यात बाईने असला प्रश्न विचारल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. सरजाबाईसुद्धा गप्प झाल्या, ही त्याहून मोठी गोष्ट.

मुलगी मशीनखालच्या चिंध्या वेचत बसली होती. तिच्या फ्रॉकचा खांदा उसवला होता. जाताना रेणुकाने अंगावरच दोन टाके घालून दिले. मुलगी एवढी स्तब्ध उभी राहिली की मला वाटलं तिला सुईची भीती वाटत असावी. रेणुका कुणाचंही उसवलेलं असंच शिवते, त्यात विशेष काही नाही.

१६ डिसेंबर

सोनपेठचं पाणी जड आहे असं कुणीतरी मला सांगितलं होतं. कोणी ते आठवत नाही. शिवाय इथून जायचं तर परभणी, मग गंगाखेड, मग तिथून एसटी. आजारी पडलं तर कोण पोचणार? म्हणजे ती आजारी पडली तर.

पहिल्या बायकोला काय झालं होतं तेही नीट विचारायचं राहिलं. सरजाबाई म्हणतात कावीळ. कावीळ पाण्यातून होते.

गिरणीच्या आवाजाने माणूस बहिरा होतो. तो बहिरा झाला तर रेणुकाला जन्मभर ओरडून बोलावं लागेल. मला मात्र तिचं हळू बोललेलंही ऐकू येतं.

२२ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, दुपारपासून विचार करतोय.

सकाळी मी सरजाबाईंना सांगून आलो की जमणार नाही. त्या अंगणातल्या तुरी झोडपत होत्या, त्या जरा जोरात झोडपायला लागल्या.

जेवताना मी रेणुकाला सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. घरात गॅस आहे, पण मला चुलीवरची आवडते म्हणून ती चूल पेटवते.

"कामून?" तिने विचारलं.

मी म्हणालो, बाई, प्राक्तनापुढे कुणाचं चालत नाही. एकदा संसार मोडला तो...

ती वळली. हाताला पीठ तसंच. "कशाचं प्राक्तन अण्णा? वायर उघडी होती."

मी ताटातली चटणी बोटाने सरकवत राहिलो.

"स्टार्टरच्या पेटीतली वायर उघडी होती. मी दीराला दोनदा सांगितलं होतं. उद्या बघतो, उद्या बघतो. यांनाबी सांगितलं, तर म्हणले लाकडानं दाबतो की मी बटण. त्या दिवशी लाकूड जागेवर नव्हतं. एवढंच झालं. तेराव्याला मी तुमाला हेच सांगायलते. तुमी म्हणलात प्राक्तन. मंग मी कुणाला सांगायचं?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. तव्यावरची भाकरी जळाली. तिने ती काढून स्वतःच्या ताटात घेतली आणि माझ्यासाठी दुसरी टाकली.

मी दुसरी अर्धीच खाल्ली.

२३ डिसेंबर

मशीन दिवसभर चालू आहे. ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. अण्णा गोळी. अण्णा पाणी तापलंय.

एक जुनी गोष्ट आठवली. फाटक बंद असताना एक माणूस सायकल आडवी करून खालून घुसला होता. मी ओरडलो, शिट्टी मारली, झेंडी दाखवली. गाडी थांबण्याच्या आत होत्याचं नव्हतं झालं. चौकशीला साहेब आले. मी रडत होतो. म्हणालो, साहेब, त्याचं नशीब. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "रंगनाथ, ते मला लिहिता येत नाही. फाटक बंद होतं का?" होतं. "झेंडी दाखवली?" दाखवली. "बास. तेच सांग." मग त्यांनी तेवढंच लिहिलं आणि मला पाणी दिलं.

तेव्हा मला साहेब निर्दय वाटले होते. एक माणूस गेला आणि हे फाटकाचं विचारतात.

वायर उघडी होती, हे तिने कुणाला सांगायचं होतं? मीच शेजारी बसलो होतो.

२९ डिसेंबर

मी हो म्हणालो. सरजाबाईंकडे जाऊन सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. मग लगेच म्हणाल्या, "चहा ठिवू का, का तुमच्या प्राक्तनात न्हाई?"

एक अट मात्र घातली. हे लग्न म्हणून करायचं नाही, मोहतूर म्हणून करायचं, आपल्यात विधवेचं लावतात तसं. वद्य पक्षात, अंधार पडल्यावर, गावाबाहेरच्या देवळात. वाजंत्री नाही, पंगत नाही. सवाष्णी समोर येत नाहीत. उजाडायच्या आत नवरा तिला घेऊन जातो. हल्ली शहरात कुणी पाळत नाही म्हणतात, पण भावकीला तोंड दाखवायचं आहे मला. पौषात लग्न लावत नाहीत, मोहतुराला पौषही चालतो. म्हणजे जानेवारीतच उरकेल. गावाला कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल.

सरजाबाईंनी चहा दिला पण नीट बोलल्या नाहीत. "रेणुकाला इचारलं का?" एवढंच म्हणाल्या.

यात विचारायचं काय? तिला जे हवं तेच तर देतोय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गेले पंधरा दिवस घरात नुसते ब्लाउज. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका रेणुकाकडेच टाकतात. काल अंधार पडेपर्यंत हूक लावणं चाललं होतं.

आज दुपारी त्या सगळ्या वाण घेऊन देवळाकडे गेल्या. आमच्या दारावरूनच वाट आहे. रेणुका उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं तिला वाईट वाटत असेल, म्हणून म्हणालो, आत ये, थंडी आहे. ती म्हणाली, "थांबा, बाह्या बघायलेय. तिसरीची डावी बाही ओढायली."

हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नाही. तीन वर्षं झाली. मला सवय झाली होती. तिलाही झाली असेल असं धरून चाललो होतो. आज सगळा रस्ता तिने शिवलेला होता आणि ती दाराआड होती. हे आधीच्या दोन संक्रांतींना मला कसं दिसलं नाही? की दिसलं होतं आणि मी काहीतरी म्हणून बाजूला ठेवलं? काय म्हणून ते मला माहीत आहे. तो शब्द आज लिहीत नाही.

तिने मला तिळगूळ दिला. पाया पडली. मी काय आशीर्वाद दिला ते आठवत नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो.

१९ जानेवारी

मोहतुराचं तिला सरजाबाईंकडून कळलं. मीच सांगायला हवं होतं. रोज उद्यावर टाकत होतो.

मी अंगणात दाढी करत होतो. ती समोर येऊन बसली. आरसा माझ्या हातात होता, तो खाली ठेवता येईना.

"अण्णा, हे गेले तवा मी रडले, ते दिवसाढवळ्या. समद्या गावानं बघितलं. बांगड्या फोडल्या त्याबी उन्हात. आता हसायचं तेवढं अंधारात कामून?"

मी भावकीचं सांगितलं.

"भावकी अर्थिंग बघायला आलती का?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मी चोरी करून चालले न्हाई. रात्रीचं असंल तर मी जात न्हाई. हितंच राहते. तुमची भाकर करते."

तिने हे रागाने म्हटलं नाही. खरंच राहिली असती.

आणि मला, देव साक्षीला आहे, ते ऐकून क्षणभर बरं वाटलं. भाकरी मिळत राहील, दार उघडायला कुणी असेल, खोकलो तर आतून आवाज येईल. पुढच्याच क्षणी आरशात माझं अर्ध्या फेसाचं तोंड दिसलं. ते हसत होतं. मी आरसा पालथा घातला.

२० जानेवारी

सकाळीच गुरुजींकडे गेलो. ते तुळशीला पाणी घालत होते. म्हणालो, त्या दिवशी तिसरं राहिलं होतं. कणगीतलं झालं, दळायला काढलेलं झालं. तिसरं काय?

"क्रियमाण," गुरुजी म्हणाले. "आज तू पेरतोस ते."

ते कोण ठरवतं?

"ते ठरलेलं नसतं, रंगनाथराव. ते करावं लागतं."

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तू उठून गेलास. खरं आहे. पण मी तेराव्याचं विचारत होतो. तेव्हाही त्यांनी एकच सांगितलं होतं आणि मला एकच हवं होतं. ते मी बोललो नाही.

रेणुकाचं दिवसा लावलं तर? असं विचारल्यावर गुरुजींनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं. म्हणाले, "मी शास्त्राचं सांगू शकतो. गावाचं तू बघ." आणि मग मी त्यांच्या अंगणाच्या फाटकापर्यंत आल्यावर मागून, "मंगलाष्टकं कुणी म्हणायला नसलं तर मला सांग."

तिथून सरजाबाईंकडे. दिवसा, म्हणालो. माघात, पंचमीला. गावातल्या मारुतीच्या देवळात.

"भावकी येणार न्हाई भाऊ."

न येऊ दे. स्वयंपाक कमी लागेल.

"धुरपता असती तर तुमची दृष्ट काढली असती," म्हणाल्या.

घरी येऊन रेणुकाला सांगितलं तेव्हा ती ब्लाउजचे हूक लावत होती. तिने मान हलवली. काही वेळाने सुईत दोरा ओवून द्या म्हणाली. तिला तर अंधारातही दोरा ओवता येतो. डोळे भरले असतील. मी ओवून दिला. चौथ्या वेळी गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

झालं.

माणसं वीसएक असतील. भावकीतला एकही नाही. माझा सख्खा चुलतभाऊ देवळासमोरून बैलगाडी घेऊन गेला, इकडे न बघता. बैलांनी मात्र बघितलं.

गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली. आवाज कापत होता, पण तो नेहमीच कापतो. अक्षता पडल्या तेव्हा ऊन थेट रेणुकाच्या तोंडावर होतं. तिने डोळे बारीक केले नाहीत. बजरंगच्या कानावर आज पीठ नव्हतं. वैष्णवीने रेणुकाने शिवलेला पिवळा फ्रॉक घातला होता आणि ती सगळ्यांना त्याचा खिसा दाखवत होती.

मग सरजाबाई पुढे झाल्या. सवाष्णीने समोर यायचं नाही, ही रीत त्यांनीही आजवर पाळलेली. त्यांनी रेणुकाला हळदीकुंकू लावलं, हातात सुगड दिलं, वाण दिलं. म्हणाल्या, "संक्रांतीचं राहिलं होतं, घे. रथसप्तमी व्हायचीय अजून." मागून आणखी तिघी आल्या. त्यांच्या अंगात रेणुकाने शिवलेले ब्लाउज होते. बाकीच्या आल्या नाहीत.

मशीन क्रुझर गाडीच्या टपावर बांधलं. रेणुका माझ्या पाया पडली तेव्हा मला गोळ्यांच्या वेळा सांगायला लागली. सकाळची पांढरी, संध्याकाळची गुलाबी. मला त्या पाठ आहेत. तरी मी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं ऐकलं.

गाडी निघाली आणि मी घराकडे वळलो. तेवढ्यात फाटकाची घंटा ऐकली. पाय आपोआप तिकडे गेले.

फाटक बंद होतं. क्रुझर बाहेर उभी होती, मागे दोन ट्रॅक्टर, एक एसटी. सिद्धोधन हल्ली माझ्या जागेवर आहे, चांगला पोरगा, नियमाने चालतो. "काका, मालगाडी हाय," म्हणाला. मी गुमटीजवळ उभा राहिलो. खिडकीत रेणुका होती. मांडीवर वैष्णवी. एसटीतले लोक डोकावून नवरी बघत होते. कपाळावरचं कुंकू उन्हात चमकत होतं.

या फाटकाशी माझ्यासमोर किती नवऱ्या थांबल्या असतील. त्यांच्यासाठी मी घाई करायचो. वऱ्हाडातली माणसं ओरडायची, गेटमन, मुहूर्त टळतो. माझा जीव खालीवर व्हायचा, गाडी लवकर जावी म्हणून.

आज पहिल्यांदा वाटलं, मालगाडी लांबलचक असावी.

लांबच होती. कोळशाचे डबे. तिच्या आवाजात काही बोलता आलं नाही. रेणुकाने खिडकीतून हात बाहेर काढला, मी धरला. शेवटचा डबा गेला, गार्डाने हिरवी झेंडी दाखवली, सिद्धोधनने दाखवली. माझाही उजवा हात वर गेला. रिकामाच होता.

फाटक उघडलं. मीच तिचा हात सोडला.

९ फेब्रुवारी

तिचा रोज फोन येतो. संध्याकाळी, गिरणी बंद झाल्यावर. गोळी घेतली का, हा पहिला प्रश्न. आज वैष्णवीही बोलली. मला काय म्हणायचं हे तिचं अजून ठरलेलं नाही, म्हणून नुसती हॅलो हॅलो करत राहिली. सोनपेठचं पाणी चांगलं आहे म्हणे. मी विचारलं होतं.

संध्याकाळी स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहाला गेलो. घरी एका कपाचा चहा जमत नाही, एकतर उतू जातो नाहीतर आटतो. तिथे एक जुना ओळखीचा माणूस भेटला. म्हणाला, रेणुका गेली म्हणं. एकेकाचं प्राक्तन असतं बघा.

तो चांगल्या मनाने म्हणाला. मीही हजार वेळा असंच म्हटलेलं आहे. हो म्हणून टाकणार होतो.

"प्राक्तन न्हाई," मी म्हणालो. "मी दिली. दिवसा."

त्याने बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे सरकवला.

घरी आलो. जिथे मशीन होतं तिथे जमिनीत त्याच्या पायांचे खड्डे पडलेत. त्यावर खाट सरकवावी असं आठवडाभर मनात आहे. आजही सरकवली नाही.

पीठ संपलं. कणगीतून पायलीभर ज्वारी काढून, निवडून ठेवली आहे. उद्या दळायला मलाच न्यायची आहे.